न चमकवायची गाडी

"बाबा, ही गाडी चमकली तर आपण नापास," लेक म्हणाली. "एवढं डोक्यात पक्कं बसवा आणि मग आत या."

आरसेकाकांनी मान डोलावली, पण ती डोलावण्यापुरतीच. एकतीस वर्षं त्यांनी या गॅरेजात गाड्यांना पॉलिश केलं होतं. त्यांनी घासलेल्या बॉनेटमध्ये बघून एका गिऱ्हाइकानं भांग पाडला होता, तेव्हापासून हे नाव चिकटलं. खरं नाव आता फक्त बायकोला आणि बँकेला ठाऊक. अशा माणसापुढं मागच्या शेडमध्ये ही राखाडी गाडी उभी होती. नवीकोरी, ऐटदार, आणि खडू पुसलेल्या फळ्यासारखी निस्तेज.

"एवढी हौस करून माणूस अशी आजारी गाडी घेतो?"

"आजारी नाही हो, मॅट. वरचा थर मुद्दाम खरखरीत ठेवतात, डोळ्यांना कळणार नाही इतका. घासलं की तो सपाट होतो, मग तिथं चकाकी येते. ती चकाकी कुणाच्या बापाला घालवता येत नाही."

"तुझ्या बापालाही?"

"माझ्या तर नाहीच नाही," ती हसली.

दोन वर्षं ती पुढच्या काउंटरवर फोन उचलत होती आणि सुट्टीच्या दिवशी अशा मॅट गाड्यांचं काम शिकत होती. मालकांकडं शब्द काकांनीच टाकला होता. मालक म्हणाले होते, "ही दाताच्या डॉक्टरांची गाडी नीट करून दे. त्यांना पसंत पडली तर मागची शेड तुझी. नाहीतर पुन्हा फोन उचल." तेव्हापासून पोरीला अन्न गोड लागत नव्हतं, आणि पोरीला नाही म्हणून बापालाही नाही.

सकाळी तिनं गाडी धुतली. मऊ फडकं, सौम्य शॅम्पू, एक बादली साबणाची आणि एक साध्या पाण्याची. पुसली तीही न घासता. फडकं नुसतं ठेवायचं, पाणी पिऊ द्यायचं आणि उचलायचं. काका बघत राहिले. पोरीचा हात हलका होता. त्यांच्यापेक्षाही हलका, हे त्यांनी मनातल्या मनात कबूल केलं. दुसऱ्या दिवशी गाडीवर खास मॅटसाठीचं संरक्षक द्रव्य लावायचं होतं.

दुपारी डॉक्टरांचा फोन आला म्हणून ती पुढं गेली, आणि छताच्या तुळईवर बसलेल्या कबुतरानं नेमका तोच मुहूर्त साधला. बॉनेटवर भला मोठा डाग पडला. पाखराची घाण रंग खाते, हे काकांना कुणी सांगायला नको होतं. त्यांनी लेकीला हाक मारली, पण तिचं बोलणं संपेना. मग त्यांनी तिनं शिकवलं होतं तसंच सगळं केलं. ओलं फडकं डागावर ठेवलं, घड्याळ लावून दहा मिनिटं थांबले, अलगद उचललं. घाण निघाली. मागं एक पुसटसं वर्तुळ राहिलं.

तिथं थांबले असते तर ही गोष्ट सांगावी लागली नसती. पण जित्याची खोड! उजवा हात आपसूक खांद्यावरच्या फडक्याकडं गेला. वर्षानुवर्षांचं पॉलिश त्या फडक्यात मुरलेलं. अंगठ्याचा दाब, गोल गोल, एकदा, दोनदा, तीनदा. आणि त्यांना बॉनेटमध्ये खिडकी दिसली. बशीएवढी, लखलखीत. जन्मात पहिल्यांदा काकांना चकाकीची भीती वाटली.

लेक आली. ओरडली नाही. तिनं तो भाग शॅम्पूनं धुतला, सुकू दिला, पुन्हा धुतला. खिडकी काही जाईना.

"किती वेळा फिरवलंत?"

"तीनदा. अगं, मला कळलंच नाही." मग त्यांनी घाईघाईनं तोडगा काढला. "असं करू, उरलेल्या बॉनेटलाही पॉलिश मारू. सगळं सारखं दिसेल."

तिनं बापाकडं असं पाहिलं की काकांनी फडकं खांद्यावरून काढून खिशात कोंबलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, चावणार कुणाला?

संध्याकाळी डॉक्टर गाडी बघायला आले. मालकही येऊन उभे राहिले. लेकीनं ओठांवरून जीभ फिरवली. "डॉक्टर, माझ्याकडून एक चूक..."

"तिच्याकडून नाही," काका मध्येच म्हणाले. "मी केलं. तिनं बजावलं होतं, तरी केलं."

डॉक्टरांनी वाकून डाग पाहिला. "निघेल?"

"नाही," लेक म्हणाली. "तेवढाच तुकडा रंगवला तर वेगळा दिसेल. अख्खं बॉनेट नव्यानं रंगवून घ्यावं लागेल."

"आम्ही रंगवून देऊ," मालक म्हणाले. "आणि तू उद्यापासून फोनवर."

"थांबा," डॉक्टर म्हणाले. "तोंडावर खरं सांगणारी माणसं मला हवीत. पण बाई, असं पुन्हा होणार नाही कशावरून?"

सगळे तिच्याकडं बघायला लागले. तिनं बापाकडं पाहिलं नाही.

"या शेडमध्ये बाबा येणार नाहीत," ती म्हणाली. "काही काम असलं तर दारापर्यंत."

डॉक्टरांनी मान डोलावली. मालकांनीही.

काकांना ते लागलं. अगदी जिव्हारी लागलं. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर फडकं फेकून घरी गेले असते. पण पोर खरं बोलत होती, आणि तिच्या जागी असते तर त्यांनीही हेच सांगितलं असतं. त्या रात्री ती जेवताना "बाबा" म्हणाली आणि नुसताच भात चिवडत राहिली. काकांनी तिच्या ताटात भाजी वाढली. "बरोबर केलंस," म्हणाले. बायको दोघांच्या तोंडाकडं बघत राहिली.

आठवड्यानं बॉनेट रंगवून आलं. मागच्या शेडमधून हाक ऐकू आली, "बाबा, पाणी!"

काकांनी दोन बादल्या भरल्या, एक साबणाची आणि एक साधी. दाराशी आणून ठेवल्या. तिनं त्या आत नेल्या आणि कामाला लागली. काका परत गेले नाहीत. चौकटीबाहेर उभे राहून बघत होते.

"डावीकडं," थोड्या वेळानं ते म्हणाले. "चाकाच्या वर. थेंब राहिलाय."

तिनं वाकून पाहिलं. थेंब होता. तिनं फडकं ठेवलं, उचललं, आणि मान वर न करताच विचारलं, "आणखी?"

"आरशाच्या खाली," काका म्हणाले. त्यांनी दोन्ही हात पाठीमागं घेतले होते आणि डाव्या हातानं उजव्याचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.