पट्ट्याचं सहावं भोक

मी घड्याळाचा एक जुना पट्टा आहे. घड्याळ नव्हे बरं का, मित्रांनो! लोक काट्यांचं कौतुक करतात आणि मला विसरतात. पण घड्याळाला मनगटावर धरून कोण ठेवतं? मीच. आणि मी काही साधासुधा नाही, शहामृगाच्या कातडीचा आहे. माझ्या अंगावर बारीक उंचवटे दिसतात ना, त्या प्रत्येक जागी एके काळी एकेक पीस होतं.

तो शहामृग मला अंधुक आठवतो. दूर आफ्रिकेत तो धावायचा आणि मी त्याच्या पाठीवर असायचो. पुढे कातडी कमावली, तपकिरी रंगवली, कापली, शिवली, एका टोकाला पाच भोकं पाडली. ते सगळं मी झोपेत असताना घडलं असावं. धावणं मात्र अजून माझ्या स्वप्नात येतं.

पुण्यातल्या एका भारी घड्याळांच्या दुकानात मी काचेखाली पडून होतो. तिथे रोहिणखेडची मंजुश्री नोकरी करायची. दहा वर्षं झाली म्हणून मालकांनी तिला एक स्विस घड्याळ दिलं. ते तिनं वडिलांना द्यायचं ठरवलं. तिचे वडील माणिकराव एसटीत कंट्रोलर होते. गाड्या वेळेवर सोडण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. पण घड्याळाला होता स्टीलचा पट्टा, आणि स्टीलखाली माणिकरावांच्या हाताला उन्हाळ्यात पुरळ उठायचं. मग मंजुश्री चामड्याचा पट्टा शोधू लागली. मगरीचा उचलला, रुबाबदार, पण ताठ. पाकट माशाचा उचलला. कणखर, पण वाकता वाकेना. शेवटी तिनं मला मनगटाभोवती गुंडाळून डोळे मिटले. "हा बाबांना टोचणार नाही," ती म्हणाली. त्या दिवशी मला कोण अभिमान वाटला!

रोहिणखेडला मात्र माझी चेष्टाच झाली. माणिकरावांचे मित्र उकंडराव मला निरखून म्हणाले, "काऊन बे माणिक, घड्याळाले घामोळ्या आल्या का?"

"शहामृग हाय तो," माणिकराव ऐटीत म्हणाले. "तुह्या कोंबडीवाणी नाही."

मंजुश्रीनं त्यांना बजावलं होतं. पट्टा एक दिवस घालायचा, एक दिवस सोडायचा. घाम कोरड्या फडक्यानं पुसायचा, सावलीत ठेवायचा, पाण्यापासून आणि अत्तरापासून जपायचा. माणिकरावांनी ते एसटीच्या वेळापत्रकासारखं पाळलं. त्यांच्या पत्नी जनकाबाईंनी तेवढं एकदा मायेनं करडईचं तेल चोपडलं. "चामडं हाय, तेल मांगते ते," असं त्यांचं म्हणणं. दोन महिने मी काळवंडून बसलो होतो!

सुट्टीच्या दिवशी मी खिडकीतल्या फळीवर पडून राहायचो. शेतावरून वारा यायचा, ज्वारी सळसळायची आणि मला वाटायचं, माझी पिसं हलत आहेत. मग मी पुन्हा धावू लागायचो. कामाच्या दिवशी माझ्याखाली माणिकरावांची नाडी चालायची. तिच्या ठेक्यातही मी धावायचो. सुखाचे दिवस होते ते.

मग माझी झोप उडाली. माणिकराव मला दुसऱ्या भोकात घालायचे. काही महिन्यांनी तिसऱ्यात घालू लागले, दिवाळीला चौथ्यात. बक्कल जिथे बसतं तिथे माझ्या अंगावर कायमची घडी पडते. तशा घड्या वाढत गेल्या. उन्हाळ्यात पाचवं भोकही सैल पडलं. तेव्हा माणिकरावांनी पोती शिवायचा दाभण घेतला आणि मला सहावं भोक पाडलं. मला दुखलं. पण त्याहून जास्त मी घाबरलो. ते सारखे पाणी प्यायचे आणि दिवसेंदिवस वाळत चालले होते.

फोनवर मात्र ते हसून सांगायचे, "मी ठणठणीत आहो, माय. तू जायाची तयारी कर." मंजुश्रीला दुकानातर्फे सहा महिने शिकायला स्वित्झर्लंडला जायचं होतं. आजारपण कळलं तर ती जाणार नाही, एवढीच त्यांना भीती. जनकाबाईंनाही त्यांनी शपथ घातली होती. आणि मला तर तोंडच नाही.

सप्टेंबरात, निघण्याआधी, मंजुश्री दोन दिवस घरी आली. नेहमीसारखी मऊ ब्रश घेऊन ओसरीवर मला साफ करायला बसली. तिची बोटं थांबली.

"बाबा, हे भोक कोनं पाडलं?"

"मीच. सैल होऊन राह्यला होता."

"येवढ्या भारी पट्ट्याले दाभण?" ती चिडलीच. मग एकेका घडीवरून तिनं अंगठा फिरवला. दोन, तीन, चार, पाच, सहा. शेकडो पट्टे तिच्या हातांखालून गेले होते. चामडं थोडं सैलावतं, इतकं नाही. तिनं वडिलांचा हात ओढून मनगटाला आपल्या बोटांचा वेढा घातला. बोटं एकमेकांवर चढली.

"पट्टा सैल नाही झाला, बाबा. मनगट कुठी गेलं?"

माणिकरावांनी हात सोडवून घेतला. जनकाबाईंना राहवलं नाही. "दिवसभर पाणी पेऊन राह्यले, पोरी, अन् वाळून चालले. मले शपथ घातली ना यायनं!"

"काऊन नाही सांगितलं, बाबा?"

"तू गेली नसती, माय," ते हळूच म्हणाले. "तुही गाडी चुकली असती."

दुसऱ्या दिवशी बुलडाण्याला डॉक्टरांनी रक्त तपासलं. साखर भयंकर वाढली होती. आणखी उशीर झाला असता तर डोळे गेले असते, मूत्रपिंडंही गेली असती. मंजुश्रीनं बॅग परत कपाटात ठेवली. माणिकराव म्हणाले, "गोळ्या घेतो, पथ्य पाळतो, पण तू जाय." बराच वाद झाला. अखेर ती एका अटीवर तयार झाली. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर त्यांनी पट्टा कितव्या भोकात आहे ते दाखवायचं. "तुमच्या तोंडावर माहा भरोसा नाही," ती म्हणाली.

मित्रांनो, एका रविवारी माणिकरावांनी लबाडी केली. मला मुद्दाम चौथ्या भोकात अडकवलं. "हात वर करा," पलीकडून मंजुश्री म्हणाली. त्यांनी हात वर केला आणि मी घड्याळासकट घसरत कोपरापाशी गेलो. जनकाबाई पोट धरून हसल्या. मंजुश्री हसली नाही. तिचे डोळे भरून आले होते. ते बघून माणिकराव खाली मान घालून बसले. पुन्हा त्यांनी तसं केलं नाही.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी सहाव्या भोकात मी त्यांना रुतू लागलो. ते माझ्याकडे बघत राहिले आणि मग त्यांनी मला पाचव्यात घातलं. त्या रविवारी मंजुश्री म्हणाली, "हात वर करा."

माणिकरावांनी हात वर केला. मी जागचा हललो नाही.

"अजून एक डाव, बाबा," ती म्हणाली. त्यांनी पुन्हा हात वर केला. मी तिथेच होतो, आणि माझ्याखाली त्यांची नाडी खुशाल धावत होती.

मित्रांनो, चामड्याची वस्तू वापरत असाल तर तिला एक दिवस विश्रांती द्या, घाम पुसा, सावलीत ठेवा. आणि घरातलं वडीलधारं माणूस "मी बरा आहे" म्हणालं, तर त्याच्याजवळ बसून त्याचं मनगट एकदा हातात धरून बघा. मी सगळं जाणत होतो, पण मला सांगता येत नव्हतं. तुम्हाला विचारता येतं.