दुसऱ्याच हाताचे टाके

गोधड्यांच्या कारखान्यात मालकीणबाईंनी धाकटीच्या आईची नवी गोधडी उलटी करून पाहुणीसमोर पसरली आणि धाकटीची सुई कापडातच थांबली.

पाहुणी कापडावर नक्षी काढणारी. देशोदेशीच्या गोधड्या बघत हिंडायची आणि त्यांतून तिला नवं काही सुचायचं. तिच्या पिशवीत कुठल्या कुठल्या बायकांनी शिवलेले तुकडे होते. त्यांतला एक गेल्या वर्षी याच कारखान्यात शिवलेला. तो शिवणारा हात बघायला ती एवढ्या लांब आली होती. तो धाकटीच्या आईचा, म्हणून मालकीणबाईंनी तिला थेट या मायलेकींपाशी आणलं.

आईला हल्ली कमी दिसायचं. ओळ भरकटायची. कारखान्यातल्या दोघींना घरी बसवायचं ठरलं होतं आणि पहिलं नाव कुणाचं, हे सांगायला ज्योतिषी नको होता. म्हणून दोन महिने धाकटी, आईची पाठ वळली की तिची ओळ उसवून सरळ घालून ठेवायची. भारी हुशार समजत होती स्वतःला.

पाहुणीने गोधडीवर बोटं फिरवली. टाके पट्टी धरून घातल्यासारखे. तिने पिशवीतला तुकडा शेजारी ठेवला. त्यातल्या ओळी रमतगमत, मनाला येईल तिकडे चालल्या होत्या.

"हा तो हात नाही," ती म्हणाली.

मालकीणबाईंचा चेहरा पडला. बाहेरून शिवून आणतेस की काय, असं त्यांनी आईला चारचौघींत विचारलं.

"मी शिवलंय ते," धाकटी म्हणाली. "तिचे टाके मी रोज उसवत होते. तिला यातलं काही ठाऊक नाही."

"ठाऊक होतं," आई म्हणाली. "माझ्या बोटांना अजून कळतं. वाटलं, तुला माझ्या टाक्यांची लाज वाटते. म्हणून गप्प बसले."

धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाहुणी आईजवळ खाली बसली आणि एक ओळ घालून दाखवाल का, असं तिने विचारलं. मालकीणबाई हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. धाकटीने सुई ओवून दिली. आईने कापड चाचपलं, सुई घातली, दोरा ओढला. पहिलाच टाका चांगला बोटभर बाजूला गेला.

धाकटीचा हात आपसूक पुढे झाला. तिने तो मागे घेतला आणि मांडीखाली दाबून धरला.