निशिगंधाचं पालुपद

गावच्या हरिनाम सप्त्यात कीर्तनकार महाराजांची जीप मेहकरच्या पुढं बंद पडली आणि मंडप नुसताच खोळंबला. तेव्हा दहावीतली निशिगंधा उठली, वीणेकऱ्याला नमस्कार केला आणि सलग तीन तास बोलली. नामाच्या महिम्यावरून निघाली ती लोणारच्या सरोवरावरून थेट मंगळावर. टाळकऱ्यांचे हात दुखले, पण हिला धाप लागली नाही. चार दिवस पोर धड झोपली नव्हती, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. गावानं हार घातले. आई मंजुळाबाईंनी तर पेढे वाटले. "माह्या लेकीच्या तोंडून देवच बोलून राह्यला, बाप्पा!"

महिनाभरात तीच लेक भिंतीकडे तोंड करून पडली. शाळा सुटली, पुस्तक उघडवेना, वेणी घालवेना. बुलडाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं: बायपोलर.

"म्हंजे ते कीर्तन नोतं काय जी?" मंजुळाबाईंचा जीव तिथंच अडकलेला.

"कीर्तनही असेल, ताई," डॉक्टरीणबाई हसल्या. "पण पुढच्या वेळी झोप उडाली आणि तोंड थांबेना, तर पेढे नका वाटू. मला फोन करा."

गोळ्या लागू पडल्या. जानेवारीत निशिगंधा शाळेत परतली, पण पंधरा दिवसांत झोप उडाली आणि तोंडाच्या गाडीनं पुन्हा वेग धरला. मंजुळाबाईंनी फोन केला, डॉक्टरीणबाईंनी गोळी बदलून दिली. तोवर विज्ञानाची तोंडी परीक्षा आठ दिवसांवर आली.

मुख्याध्यापक भगवानरावांनी मायलेकींना बोलावलं. "बाई, यंदा राहू द्या. पुढल्या वर्षी आरामानं बसंन."

"नाई सर!" निशिगंधा उभीच राहिली. "अपेक्षा अकरावीले चिखलीले जाईन अन् मी इथीसा एकटी? मले बसाचंच हाय."

बाकावरची तिची जोडीदारीण अपेक्षा दारातच उभी होती. गावच्या भजनी मंडळात ती टाळ वाजवायची.

"बरं," भगवानराव म्हणाले. "एकाच प्रश्नाचं उत्तर सरळ शेवटपर्यंत दे. मंग पाहू. हृदयातून रक्त कसं फिरते?"

"उजव्या कर्णिकेतून उजव्या जवनिकेत, तिथून फुप्फुसात. फुप्फुस म्हंजे कापसाचं बोंड सर, बोंड म्हंजे मोताळ्याचा बाजार, बाजारात मामाची जीप, जीपले चार चाकं, पण चंद्रावरच्या गाडीले सहा, काऊन की..."

भगवानरावांनी पेनाला टोपण लावलं. मंजुळाबाईंनी पदर तोंडाला लावला.

तेवढ्यात दारातून टाळी आली. "विठ्ठल विठ्ठल!"

महाराज दृष्टान्तात फार लांब गेले की टाळकरी पालुपद उचलून त्यांना परत आणतात, तशी अपेक्षा टाळ्या देऊ लागली. तीस वर्षांत भगवानरावांनी एक सप्ता चुकवला नव्हता. त्यांचे हात आपोआप चालले. घंटा द्यायला निघालेला शिपाई घंटा विसरून ताल धरू लागला. निशिगंधा थांबली, खुदकन हसली, श्वास घेतला.

"हं. फुप्फुसात. तिथून शुद्ध होऊन डाव्या कर्णिकेत..."

चार वेळा पोरगी चंद्राकडे पळाली, चार वेळा टाळ्यांनी तिला धरून आणलं. शेवटी रक्त अंगभर फिरून घरी पोचलं.

"पण परीक्षेत अपेक्षा नसंन," डोळे पुसत भगवानराव म्हणाले.

निशिगंधानं दोन बोटं टेबलावर वाजवली. "माहा टाळ माह्यापाशी हाय सर."

"अन् गोळी?" मंजुळाबाईंनी दटावलं.

"गोळीचं काम गोळी करीन वं माय, टाळाचं टाळ!"

भगवानरावांनी पेनाचं टोपण काढलं आणि परीक्षेच्या यादीत तिचं नाव लिहिलं.

परीक्षेला दुसऱ्या शाळेचे सर आले. त्यांनी प्रिझम विचारला. निशिगंधा प्रकाशावरून इंद्रधनुष्यावर, तिथून मावशीच्या पैठणीवर गेली. सरांच्या कपाळाला आठी पडली. खिडकीबाहेर भगवानराव हात काखेत गच्च दाबून उभे होते, चुकून टाळी वाजू नये म्हणून.

बाकावर दोन बोटं वाजली. ओठ हलले. मग ती पैठणीवरून सावकाश उतरली आणि सातही रंग क्रमानं सांगून मोकळी झाली.

"काय पुटपुटलीस गं?" सरांनी विचारलं.

"पालुपद, सर. मी लांब गेली की ते मले परत आणते."

सरांनी तिच्याकडे पाहिलं, गुण मांडले आणि म्हणाले, "छान. बस."

बाहेर भगवानरावांचे हात सुटले. अख्ख्या व्हरांड्यानं टाळ्या उचलल्या.

फाटकाशी मंजुळाबाई पेढ्यांचा पुडा घेऊन उभ्या होत्या. पुडा मात्र छातीशी घट्ट.

"आंधी सांग, काल किती वाजता झोपली?"

"साडेनवाले. पहाटे तूच तं उठवलं वं!"

"हाव नं, बाप्पा!" म्हणत त्यांनी दोरा तोडला आणि पहिला पेढा शिपायाच्या तोंडात कोंबला.