रुसलेल्या जावयाच्या मूत्रपिंडातला विकर

मी एक जुना विकर, म्हणजे एन्झाइम, आहे. जुना म्हणजे परवाचा. हसू नका, मित्रांनो. आमच्यात यालाच म्हातारपण म्हणतात. माणसे साठ-सत्तर वर्षे जगूनही जे शिकत नाहीत, ते मी एवढ्यात पाहून घेतले आहे.

धामणगाव रेल्वे या गावच्या वामनरावांच्या उजव्या मूत्रपिंडात, एका बारीक नळीच्या भिंतीतल्या पेशीत माझा जन्म झाला. शास्त्रज्ञ मला आयआरई-वन म्हणतात. त्यांनी माझ्यावर पुष्कळ लिहिले आहे, कौतुकही केले आहे. वामनरावांना माझे नाव ठाऊक नाही. त्यांच्या लेखी मूत्रपिंड ही लघवीची सोय आहे, आणि फुकट मिळालेल्या सोयीची विचारपूस करण्याचा त्यांचा स्वभाव नाही.

माझे काम सांगतो. पेशीत प्रथिने तयार होतात. प्रत्येकाची नीट घडी बसावी लागते. घडी चुकली तर प्रथिन कामाचे राहत नाही. हे काम जिथे चालते त्या आंतर्द्रव्यजालिकेच्या पडद्यात मी बसलेला असतो. डोके आत, हात बाहेर. एरवी एक मदतनीस प्रथिन माझे डोके धरून मला गप्प ठेवते. चुकलेल्या घड्यांचा ढीग लागला की ते मला सोडून ढिगाकडे धावते. मग मी आणि माझे सोबती एकत्र येतो, एकमेकांना जागे करतो आणि कात्री चालवतो. केंद्रकाकडून आलेला, प्रथिन बनवायला सांगणारा एक ठरावीक संदेश आम्ही असा कापतो की तो नव्याने जुळून जादा मदतनीस मागवतो. इतर काही संदेश कापून टाकतो, म्हणजे नवे काम येणे कमी होते. ताण ओसरला की मी पुन्हा गप्प. ताण ओसरलाच नाही, तर याच हातांनी मी पेशीला मरणाकडे ढकलतो. जगवणे आणि मारणे, दोन्ही माझ्याकडेच आहे. कधी काय करायचे, एवढेच मला पाहावे लागते.

काल अकोटला लग्न होते. वामनरावांची बायको आशाबाई, तिचा भाऊ गोवर्धन, आणि त्याची मुलगी पौर्णिमा नवरी. म्हणजे वामनराव या घरचे थोरले जावई. मे महिना, भर दुपारचा मुहूर्त, वर पत्रे आणि मांडवाचे कापड. वामनरावांनी जाड कोट घातला होता. उठबस करायची म्हणून सकाळीच उपाशीपोटी गुडघेदुखीच्या गोळ्या घेतल्या होत्या. या गोळ्यांनी मूत्रपिंडाकडे रक्त आणणाऱ्या वाहिन्या आक्रसतात. भरपूर पाणी प्यायले तर बहुतेकदा निभते.

पण पाणी प्यायचे नव्हते. कारण ऐका. मानाचा शेला गोवर्धनने आधी धाकट्या जावयाच्या, म्हणजे किशोररावांच्या खांद्यावर टाकला. किशोरराव दारात पुढे उभे होते, एवढीच त्यांची थोरवी. वामनरावांनी ते पाहिले आणि मांडवाच्या कडेला खुर्ची ओढून जाहीर केले, "या मांडवात पाण्याचा थेंब घेईन तं नाव सांगणार नाही."

अंगात राहून मला हे कसे ऐकू आले, असे विचारू नका. वामनरावांचा आवाज न ऐकणे अजून कोणालाच जमलेले नाही.

आशाबाई ताक घेऊन आल्या. "घ्या न दोन घोट. ऊन कसं तपून राहिलं पाहा."

"तुह्या भावाले सांग, किशोरलेच पाज."

"कावून असं करता? पोरीचं लगन आहे."

"मंग माहा मान कुठी गेला?"

पंचफुलाबाई नावाच्या एक म्हाताऱ्या बाई जवळच पंख्यापाशी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "राहू दे वं आशा. जवाईबापू ब्याटरीवर चालून राहिले. त्याइले पाणी नाही लागत."

बायका हसल्या. वामनरावांनी तोंड फिरवले. मूत्रपिंडाला तोंड फिरवता येत नाही.

रक्त दाट होत गेले. आमच्या नळीकडे येणारा प्रवाह आटला, प्राणवायू कमी पडला, अंग तापले. घड्या चुकू लागल्या. मदतनिसाने माझे डोके सोडले. मी नियमाप्रमाणे कात्री हातात घेतली, जादा मदत मागवली, नवे काम थोपवले. उत्तम काम होते ते. आत आम्ही एकेक प्रथिन वाचवत होतो आणि बाहेर हा गृहस्थ पाण्याचा ग्लास हाताने दूर सारत होता.

मग गोवर्धन स्वतः आले. मुलीचा बाप, डोक्यावर शंभर कामे, तरी हात जोडून उभे राहिले. "बापू, चुकलं आमचं. हा शेला घ्या, अन् पाणी घ्या."

प्रकरण इथे मिटायला हवे होते. वामनरावांनी शेला उलटून पाहिला. "किशोरच्याले जरीचा काठ होता. हा उरलेला दिसते."

किशोरराव मागेच होते. आपला शेला काढून ते म्हणाले, "वामनभाऊ, माहा घ्या न! मी तं त्यानं घामच पुसून राहिलो."

सगळा मांडव हसला. वामनराव उठले. "मी चाललो धामणगावले. यष्टीनं."

आशाबाईंनी कोटाची बाही धरली. ती त्यांनी झटकली. घाम केव्हाच बंद झाला होता आणि शब्द अडखळत होते. माणूस तापाने भ्रमिष्ट होत चालला होता, पण नेहमीचा हेका आणि हा भ्रम यांत कोणाला फरक दिसला नाही. यात पाहुण्यांचा दोष नाही. तो फरक दिसू नये, अशीच वामनरावांची आजवरची वागणूक होती.

मांडवाच्या दाराशी ते कोसळले.

आत आमचा शेजार कोसळत होता. काही पेशी शिस्तीने मेल्या: स्वतःची आवराआवर केली, लहान तुकडे झाल्या, कोणाला त्रास दिला नाही. काहींना तेवढीही ताकद उरली नव्हती. त्या फुटल्या आणि आतला कचरा शेजाऱ्यांवर सांडला. माझ्या पेशीतही ढीग हलत नव्हता. मदत मागवून उपयोग नव्हता, कारण मदतीला लागणारी ऊर्जाच येत नव्हती. मी मरणाचा निरोप पाठवायला सुरुवात केली. मला वाईट वाटले का? नाही. फुटून घाण करण्यापेक्षा हे बरे, एवढाच माझा हिशेब असतो.

कोणाच्या तरी जीपमधून त्यांना अकोल्याला नेले. गोवर्धनही सोबत गेले. मुलीची पाठवणी बापाशिवाय झाली. वामनरावांच्या मानाची ही किंमत पौर्णिमेने भरली, आणि तिला कोणी विचारलेही नाही.

दवाखान्यात अंगावर बर्फ ठेवला, शिरेतून सलाईन दिले. प्रवाह परत आला. माझ्या पेशीतला ढीग हळूहळू उतरला, मदतनिसाने माझे डोके पुन्हा धरले आणि मी पाठवत असलेला निरोप अर्ध्यावर थांबला. पेशी वाचली. आजूबाजूच्या बऱ्याच गेल्या. मेलेल्या पेशींनी नळ्या तुंबल्या आहेत आणि लघवी जवळजवळ बंद आहे.

आज सकाळी भावना नावाच्या डॉक्टर आल्या. त्यांनी आशाबाईंना सांगितले, "जे गेलं ते सलाईननं भरून निघालं. आता मूत्रपिंड पाणी बाहेर टाकत नाही, तेव्हा जास्त दिलं तर ते फुप्फुसात भरेल. लघवी सुटेपर्यंत पाणी मोजून. मागितलं तरी द्यायचं नाही."

त्या गेल्या, आणि वामनरावांनी मागितले.

"आशा, घोटभर दे वं."

"नाही द्याचं म्हटलं डाक्टरीनबाईनं."

"तोंड कोरडं पडलं माहं. ग्लास तं समोरच आहे."

"तो माहा आहे."

"अवं, मी या घरचा थोरला जवाई..."

"इथं कोनी जवाई नाही," आशाबाई म्हणाल्या. "चूप पडून राहा."

त्यांनी कापसाचा बोळा ओला करून नवऱ्याच्या ओठांवर फिरवला आणि ग्लास खिडकीत, हात पोचणार नाही असा ठेवला. वामनराव त्या ग्लासाकडे पाहत पडले आहेत.

माझ्या पेशीसारख्या ज्या उरल्या आहेत, त्या पसरतील, दुणावतील आणि रिकाम्या जागा भरतील. काही आठवडे लागतील. पूर्ण भरतील की नाही, हे डॉक्टर सांगत नाहीत, मीही सांगत नाही. तोवर मी उरणार नाही. माझी मोडतोड होऊन दुसरा कोणी इथे बसेल. ते ठीक आहे.

मित्रांनो, तुमच्याही पेशीपेशीत माझे सोबती बसले आहेत. तुम्ही रुसा, भांडा, मान मागा. पण समोर पाणी आले तर आधी पिऊन घ्या. तुमचा रुसवा आमच्यापर्यंत पोचत नाही. आमच्यापर्यंत फक्त कोरड पोचते, आणि ती फार वेळ टिकली की आम्ही आमचे काम करतो.