स्लॅबवरची माहेरवाशीण

वैशाखातल्या एका सकाळी नीलम्मा कुरडयांच्या चिकाचं पातेलं घेऊन जिना चढली, आणि स्लॅबवर पाय ठेवते न ठेवते तोच तिच्या डोक्यावरून काहीतरी सप्पकन गेलं. मागोमाग "टिटीव, टिटीव" असा गलका. पातेलं सावरता सावरता तिचा पदर चिकात बुडाला, आणि तोंडातून कन्नड सुटलं. तिचं माहेर बसवकल्याणकडचं. एरवी ती मराठीच बोलायची, पण राग आला की कन्नड. त्यातही जनावरांवर आणि पाखरांवर रागवायचं तर कन्नडच.

"होग! होग!" म्हणजे जा, चालती हो.

टिटवी काही गेली नाही. ती स्लॅबच्या कोपऱ्यातल्या खडीत उतरली आणि लांब पिवळ्या पायांवर ताठ उभी राहून नीलम्माकडंच बघायला लागली. त्या खडीत तिनं चार अंडी घातली होती. खडीसारखीच मातकट, ठिपक्याठिपक्यांची.

ती खडी नीलम्माच्या नवऱ्याची, महालिंगप्पांची. उमरग्यात त्यांचं बी-बियाण्यांचं दुकान, आणि बायपासच्या अलीकडं नव्या प्लॉटिंगच्या कडेला हे घर. बांधकामातून उरलेली खडी "वरचा मजला बांधताना लागंल" म्हणून त्यांनी वर पसरून ठेवली होती. वरच्या मजल्याचं पुढं नावसुद्धा निघालं नाही. पण खडी टाकून द्या म्हटलं की महालिंगप्पांचा चेहरा दाढ उपटायला बसल्यासारखा व्हायचा. त्यांच्या त्या काटकसरीवर आता ही बया बिऱ्हाड थाटून बसली होती.

शेजारच्या कस्तुराबाई गलका ऐकून आपल्या दारातूनच ओरडल्या, "नीलम्मा, टिटवी घरावर वरडती ते चांगलं न्हाय बाई! त्यात तुमची महेश्वरी पोटुशी. झाडून काढा ती अंडी!"

महेश्वरीचं नाव निघालं आणि नीलम्माचं तोंड कडू झालं. आठच दिवसांपूर्वी लेकीचा हैदराबादहून फोन आला होता.

"अव्वा, डॉक्टरीणबाई म्हणत्यात प्रवास करायचा न्हाय. बीपी वाढलंय. मला येता यायचं न्हाय गं. तूच ये की इकडं."

इथं मागच्या खोलीला रंग देऊन झाला होता. माळ्यावरचा पाळणा उतरवून धुऊन ठेवला होता. डिंक, खारीक, खोबरं डब्यांत भरून तयार. पहिलं बाळंतपण माहेरी, ही का नवी गोष्ट होती?

"म्या येऊ?" नीलम्मा फोनवर कडाडली. "लेकीला लेकरू होईस्तोवर तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं न्हाय, अशी आमच्यात रीत हाय. आन् मी बिस्तरा घेऊन जावयाच्या दारात जाऊन बसू? तुझ्या सासूनंच शिकवलं असंल तुला."

"सासूबाईंचा काय संबंध, अव्वा?" महेश्वरीचा आवाज रडवेला झाला. नीलम्मानं फोन ठेवला. तेव्हापासून हैदराबादचा फोन आला की ती तो न उचलता नवऱ्यापुढं धरायची. "घ्या, तुमच्या लेकीचा हाय." जसं काही लेक त्यांनी एकट्यानंच आणली होती.

तर कस्तुराबाईंचं ऐकून दुपारी नीलम्मा खराटा घेऊन वर चढली. गळ्यातल्या लिंगाला हात लावला, पदर खोचला. ऊन असं की स्लॅबवर चप्पल घालूनही पाय भाजत होते. टिटवी उठून अंगावर येणार म्हणून तिनं खराटा उगारला. टिटवी आली नाही. ती अंड्यांवर उभी होती, दोन्ही पंख थोडे उचलून. चोच उघडी, धाप लागलेली. स्वतः उन्हात भाजत होती, पण अंड्यांवर सावली धरून होती. तेवढ्यात तिचा जोडीदार कुठूनसा आला. त्याच्या पोटाची पिसं चिंब भिजलेली. ती बाजूला झाली, तो ओल्या पोटानं अंड्यांवर बसला, आणि ती पाण्याच्या शोधात उडाली.

नीलम्माचा खराटा खाली आला.

"अगं बाई," ती स्वतःशीच म्हणाली, "ही तर बाळंतीण."

संध्याकाळी महालिंगप्पा दुकानातून आले तर स्लॅबवर खडीपासून हातभर अंतरावर पाण्यानं भरलेली परात. "आमच्या चांगल्या परातीत ही पाणी पिणार व्हय?" त्यांनी विचारलं.

"माहेरी आलेल्या बाईला हाकलायचं नसतंय," नीलम्मा म्हणाली. "पोटच्या लेकीला यायला जमलं न्हाय. ही तरी आली."

महालिंगप्पांनी बायकोकडं पाहिलं आणि ते हातपाय धुवायला खाली गेले. एवढ्या वर्षांच्या संसारात कुठं गप्प बसायचं ते त्यांना कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी नीलम्मानं डिंकाचा लाडू कुस्करून परातीशेजारी ठेवला. लेकीसाठी वळलेल्या लाडवांतलाच. टिटवीनं त्याला चोचसुद्धा लावली नाही. पण लाडवाला मुंग्या लागल्या, आणि मुंग्या मात्र टिटवीनं टिपून टिपून खाल्ल्या. नीलम्मानं कस्तुराबाईंना सांगितलं, "लई आवडला लाडू!"

इकडं महालिंगप्पांनी दुकानात बातमी फोडली. टिटवीनं खोलगटात अंडी घातली तर पाऊस बेताचा, उंचावर घातली तर दांडगा, आणि जितकी अंडी तितके महिने पावसाचे, हा हिशेब आपल्याकडं कुणाला माहीत नाही! बियाणं न्यायला आलेला माणूस पिशवी तिथंच ठेवून "दाखवा बरं" म्हणायला लागला. आसपासच्या गावांत टिटवीचा जाणकार म्हणून मान असलेला बब्रुवान मुद्दाम मोटारसायकलवरून आला. जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून त्यानं बराच वेळ निरीक्षण केलं.

"चार हायत. चार महिने पाऊस," तो म्हणाला. "पण उंचीचं जरा अवघड हाय."

"अवघड काय? स्लॅबवर हायत, अजून किती उंच पाहिजे?" महालिंगप्पा दुखावले.

"स्लॅब माणसानं बांधलेला, अप्पा. त्यो देवाच्या हिशेबात धरायचा का न्हाय? का निस्ती खडीची उंची धरायची? खडीची धरली तर वीतभर बी न्हाय. मग पाऊस कसा व्हायचा?"

यावर जिन्यात असा वाद पेटला की ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत पेटला नसेल. महालिंगप्पा आवेशात एक पायरी जास्त वर गेले, आणि टिटवीनं वरून येऊन त्यांची टोपी उडवली. टोपी खाली कस्तुराबाईंच्या अंगणात पडली. वाद तिथंच मिटला.

नीलम्माला त्या हिशेबाशी देणंघेणं नव्हतं. तिनं छत्री घेतली. डोक्यावर छत्री धरून ती स्लॅबच्या दुसऱ्या अंगाला कुरडया घालायची, पापड पसरायची, सांडगे तोडायची. टिटवी छत्रीवर दोनचार फेऱ्या मारून, आपला मान राखून परत बसायची. आणि गंमत अशी, की दरवर्षी निम्मे सांडगे पळवणारे कावळे यंदा कठड्यावरसुद्धा टेकले नाहीत. टिटवीनं त्यांना पार बायपासपर्यंत पिटाळलं. नीलम्माला आयुष्यात पहिल्यांदाच वाळवणाला राखण मिळाली होती, तीही फुकट. काम करता करता ती टिटवीशी बोलायची. सगळं बोलायची, लेकीबद्दलही. "तिला पहिल्यापासून माझ्या हातची कुरडई लागती बघ. आता तिकडं कोण तळून घालतंय." टिटवी मान वाकडी करून ऐकायची. निदान नीलम्माला तसं वाटायचं, आणि तेवढ्यानं तिला बरं वाटायचं.

मग एक दिवस सकाळी अंडी फुटली. खडीत चार कापसाचे गोळे, काड्यांसारखे पाय. नीलम्मानं आनंदानं कस्तुराबाईंना हाक मारली, महालिंगप्पांना तोंडात ब्रश असतानाच वर आणलं. पिल्लं वाळली तशी लगेच चालायला लागली. इकडं पळ, तिकडं पळ. कठड्यापर्यंत जायची, तिथं अडायची, परत फिरायची. आईबाप कठड्याबाहेर उडून खालून हाका घालायचे. पिल्लं कठड्याच्या आतून धडपडायची. स्लॅबवर ना गवत, ना सावली. सूर्य वर चढायला लागला तसा स्लॅब तापायला लागला.

तेव्हा कुठं सगळ्यांच्या डोक्यात उजेड पडला. इतक्या माणसांनी अंडी मोजली होती, उंची धरली होती, पावसाचे महिने वाटून घेतले होते. पिल्लं खाली कशी उतरणार हे बब्रुवानासकट कुणाच्याच मनात आलं नव्हतं.

"बये, येताना तू उडत आलीस," नीलम्मा म्हणाली, "लेकरांना पंख कुठं हायत?"

एक पिल्लू पन्हळाच्या भोकाशी गेलं आणि आत डोकावलं. ते पडलं तर सरळ खालच्या फरशीवर. नीलम्मानं वाट बघितली नाही. शेवयांची दुरडी घेतली, आत जुन्या लुगड्याचा तुकडा घातला. "तुम्ही छत्री धरा," ती नवऱ्याला म्हणाली.

"माझ्या डोक्यावर?"

"माझ्या! तुमच्या डोक्यावर टोपी हाय."

मग जे युद्ध झालं ते कस्तुराबाई अजून रंगवून सांगतात. दोन्ही टिटव्या आळीपाळीनं येत होत्या, महालिंगप्पा छत्री इकडून तिकडं नाचवत होते, आणि नीलम्मा ओणवी होऊन खडीत पिल्लं शोधत होती. पिल्लं अशी हुशार की आई ओरडली की जागच्या जागी बसायची आणि खडीच होऊन जायची. शेवटचं पिल्लू नीलम्माच्याच पायाशी बसलेलं निघालं. नवऱ्याच्या कानाला एक फटका बसला, तिच्या हातावर ओरखडा उठला, पण चारही जीव दुरडीत आले.

घरामागं रिकामे प्लॉट, पलीकडं ओढा. ओढ्याच्या कडेला ओल होती, गवत होतं. एका बोरीच्या सावलीत नीलम्मानं दुरडी अलगद वाकडी केली. पिल्लं तुरुतुरु गवतात गेली. नवरा-बायको मागं सरून उभी राहिली आणि वर बघायला लागली.

टिटव्या खाली येईनात. दोन्ही स्लॅबवरच घिरट्या घालत होत्या. आई तर खडीतल्या त्या रिकाम्या जागेवर उतरली. उठली, पुन्हा उतरली. खालून पिल्लांचा बारीक आवाज येत होता, आणि ही बाई आपल्या जागेभोवतीच ओरडत होती. ऊन वाढत होतं. शेवटी नीलम्माला राहवलं नाही. दोन्ही हात वर करून ती भर प्लॉटिंगमध्ये ओरडली, "होग! खाली होग! खुळी का काय? तिथं काय राह्यलंय आता? खडीला काय सोनं लागलंय? तुझी लेकरं इथं हायत, तू तिथं जागा धरून बसलीस! लेकरू जिथं, तिथं आईनं जायचं असतंय गं!"

आणि ती एकदम गप्प झाली.

महालिंगप्पांनी सावकाश छत्री मिटली. "कुणाला म्हणलीस?"

"टिटवीला," नीलम्मा म्हणाली.

"बरं," महालिंगप्पा म्हणाले.

टिटवी कठड्यावर आली. तिनं एकदा मान वळवून ऐकलं आणि पंख पसरून खाली झेपावली. बोरीजवळ उतरून तिनं बारीक, मऊ आवाज काढला. असा आवाज तिच्याजवळ आहे हे इतक्या दिवसांत कुणाला कळलं नव्हतं. गवतातून चार गोळे धावत आले आणि तिच्या पोटाखाली शिरले. नीलम्मानं पदर तोंडाला लावला. तिला रडू येत होतं, स्वतःची लाज वाटत होती, आणि लेकीची इतकी आठवण येत होती की तिथं आणखी उभं राहवेना.

घरी येऊन तिनं हात न धुताच फोन लावला.

"अव्वा?" पलीकडून महेश्वरीचा आवाज घाबराघुबरा आला. इतके दिवस न बोललेली आई आपण होऊन फोन करते म्हणजे काहीतरी वाईटच. "काय झालं? अप्पा बरे हायत ना?"

"अप्पांच्या कानाला टिटवीनं मारलंय, बाकी बरे हायत. तुझ्याकडं मोठी कढई हाय का?"

"कशाला?"

"कुरडया तळायला. लहान कढईत कुरडई फुलत न्हाय. म्या येतीया."

पलीकडून हुंदका आला, आणि त्याच्यातून हसू. "ये गं अव्वा. लवकर ये. मला लई भ्या वाटतंय."

"भ्यायचं न्हाय. अव्वा येतीया म्हणलं ना," नीलम्मा म्हणाली, आणि मग तीही रडली, मोकळी होऊन.

दोन दिवसांनी उमरग्याच्या स्टँडवर हैदराबादची गाडी लागली. कुरडयांचा डबा, लाडवांचा डबा, पापडांची पिशवी, सुटा केलेला पाळणा. महालिंगप्पांनी सगळं चढवलं आणि शेवटी घामाघूम होऊन पाण्याचा मोठा जार खिडकीपाशी आणला.

"हे काय?" नीलम्मानं विचारलं.

"घरचं पाणी. लेकीच्या घरचं चालत न्हाय ना? लेकरू होईस्तोवर पुरवून पुरवून पी."

आजूबाजूचे प्रवासी बघायला लागले. नीलम्मा आधी चिडली, मग नवऱ्याच्या तोंडाकडं बघून तिला हसू फुटलं.

"परत न्या तो जार," ती म्हणाली. "हैदराबादेत पाणी न्हाय व्हय? लेकीच्या हातचं पिईन. आन् ऐका, परातीत पाणी घालत जावा. ती येती अजून संध्याकाळची. भाकरी कस्तुराबाई देत्याल. दूध उतू घालवू नका. आन् ती खडी..."

"टाकून देतो," महालिंगप्पा म्हणाले.

"खबरदार! खडीला हात लावायचा न्हाय. पुढच्या वर्षी कुठं येईल ती?"

गाडी सुरू झाली. नीलम्मा अजून खिडकीतून मान काढून सूचना देतच होती. महालिंगप्पांनी जार खाली ठेवला, दोन्ही हात वर केले, आणि भर स्टँडवर ओरडले,

"होग! होग!"