चाराचे आठ

लशींच्या शीतगृहात तापमान चार अंशांवर लागतं. दर रविवारी मात्र ते आठवर चढायचं. त्याचा प्रोग्राम लिहिणाऱ्या बाईंचा संशय एकाच माणसावर होता: शेजारच्या टेबलावरचा घुम्या. तोंडातून शब्द फुटत नाही आणि सोमवारी सगळ्यांच्या आधी हजर! असा माणूस सरळ असूच शकत नाही, हे बाईंचं ठाम मत. तो जवळ आला की त्या आपली स्क्रीन फिरवून घ्यायच्या.

तापमानाचा आकडा क्लासमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या एका कप्प्यात, उघडाच पडलेला होता. कुणाच्याही कोडने यावं नि बदलून जावं. बाईंनी तो प्रायव्हेट केला, म्हणजे बाहेरच्या कोडला बंद केला, आणि पुढे प्रॉपर्टी नावाची राखणीची खिडकी बसवली. आता वाचायचं तर तिच्यातून, बदलायचं तर तिच्यातूनच, आणि बदलणाऱ्याचं नाव आपोआप नोंदवलं जाणार. मग बाई टपून बसल्या.

सोमवारी नोंदीत एकच नाव निघालं. घुम्याचं. बाईंना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. त्या तडक साहेबांकडे गेल्या, आणि साहेबांनी त्याला काढून टाकल्याचं पत्र टाइप करायला घेतलं.

घुम्या मुकाट्याने टेबल आवरू लागला. बाईंना राहवेना.

"लशी नासवून काय मिळालं रे तुला?"

"मी चार लिहितो, ताई. आठ झालेले दिसतात, म्हणून सकाळी येऊन परत चार करतो. नोंदीत आकडा बघितलात का?"

नोंदीत आकडा नव्हताच. कोणी बदललं ते टिपलं होतं. काय बदललं ते टिपायचं बाई साफ विसरल्या होत्या.

"मग आठ कोण करतं?"

"प्रॉपर्टी बाहेरच्यांना अडवते. क्लासच्या आतला कोड तिला वळसा घालून थेट आकड्याला हात लावतो. ती फाइल मला फक्त वाचता येते, बदलता येत नाही. तुम्हीच बघा."

बाईंनी फाइल उघडली. शीतगृहात फळं ठेवत होते तेव्हाचं एक फंक्शन, कोडचा एक तुकडा, आत तसंच राहिलं होतं: सुट्टीच्या दिवशी वीज वाचवायला तापमान आठ करणारं. वर लिहिणाऱ्याचं नाव होतं. त्यांचंच.

"अरे, मग सांगायचं नाही का मला?"

"तीनदा आलो होतो," घुम्या म्हणाला. "तिन्ही वेळा तुम्ही स्क्रीन फिरवलीत."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या उठल्या. पत्रावर साहेबांची सही व्हायच्या आत केबिन गाठायची होती.