तिसरा पेड

मुलांनो, डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एक दोर पाहा. इतका बारीक की असे हजारो दोर शेजारी शेजारी ठेवले तरी एका केसाच्या जाडीत मावतील. तीन पेडांचा, घट्ट पिळलेला. असे दोर तुमच्या गालात आहेत, नाकाच्या शेंड्यात आहेत. ढोपरावरच्या खपलीखाली तर आत्ता, या घडीलाही कुणीतरी ते वळत बसलं आहे. दिसला? नसेल तर असू द्या. राजूरच्या राजनंदिनीलाही तो आधी दिसला नव्हता.

राजनंदिनीचे आजोबा कडूबा दर पोळ्याला बैलांसाठी अंबाडीच्या वाखाचा नवा कासरा वळायचे. एक पेड त्यांच्या हाती, दुसरा सत्यशीला आत्याच्या, तिसरा राजनंदिनीच्या. प्रत्येकानं आपला पेड डावीकडं वळायचा आणि मग तिन्ही मिळून उजवीकडं. उलट्या पिळामुळं कुणी कुणाला सुटू देत नाही.

यंदा मात्र तिसरा पेड लिंबाखाली तसाच पडून होता. चहाचं उकळतं पातेलं धरायला गेली आणि राजनंदिनीचा उजवा तळहात भाजला. जखम भरली, गुलाबी कातडी आली. डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज हात पूर्ण उघडायचा, नाहीतर कातडी आखडेल आणि बोटं वाकडीच राहतील. पण ती मूठ मिटूनच बसायची. कातडी फाटली तर?

"सुंभ जळला, पण पीळ काही जात न्हाई पोरीचा!" कडूबा चिडवायचे. "उघड की मूठ, नंदे!"

"न्हाई. बिलकुल न्हाई."

मग एके दिवशी आत्यानं तिला नवीन जालना भागात, आत्या जिथं काम करायची त्या प्रयोगशाळेत नेलं. बर्फाच्या डब्यात एक इवलीशी बाटली होती. आत पाण्यासारखं काहीतरी.

"हे कोलॅजेन," आत्या म्हणाली. "माणसाच्या अंगातले दोर. पण हे कोण्या माणसाच्या अंगातून काढलेले न्हाईत बरं. दोर वळायची माणसाच्या अंगाची कृती यीस्टला शिकवली. पाव फुगवतं ना, तेच यीस्ट. ते बसलंय वळत."

"मंग लाव की माझ्या हाताला! जल्दी!"

"औषध न्हाई गं हे. नुसतं प्रयोगासाठी असतं."

राजनंदिनीचा चेहरा उतरला. आत्यानं तिला जवळ घेतलं. "आजोबांच्या म्हणीतल्या सुंभाचा पीळ जळूनही राहतो. याचा मात्र चटक्यानं जातो. तू भाजलीस तवा तुझ्या हातातले दोर उलगडले. आता तुझंच अंग नवे वळून राह्यलंय. पण हात मिटलेला ठेवलास, तर ते आखूडच वळले जातील."

मग आत्यानं एक बशी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. त्यात तेच पाणी होतं, पण अंगाइतक्या उबेत ठेवल्यावर खरवसासारखं थिजलेलं. वर माणसाच्या कातडीतल्या जिवंत पेशी सोडल्या होत्या.

"दोर कुठंयत?"

"ते या भिंगातून दिसत न्हाईत. ते धरून नवे वळणाऱ्या पेशी दिसतात. बघ."

राजनंदिनीनं डोळा लावला. धुक्यात कुणीकुणी दोन्ही हात पसरून उभं होतं.

परतताना गाडीत तिला डुलकी लागली आणि ती थेट त्या धुक्यात उतरली. चहूकडं चांदण्याच्या रंगाचे दोर लोंबत होते. त्यांना धरून हात पसरलेली ती सगळी मंडळी हळूहळू पुढं सरकत होती, आणि जिथं जिथं त्यांचे हात पोचत, तिथं नवा दोर वळला जात होता. पायाखालची जमीन गुलाबी, मऊ, ओळखीची. राजनंदिनीनं वाकून पाहिलं. तो तिचाच तळहात होता. "सरक जरा," एक जण म्हणाला, "जागा दे. मिटलेल्या घरात कसं वळावं आम्ही?"

गाडी थांबली तशी ती जागी झाली. दारात लिंबाखाली कडूबा आपला पेड धरून वाट पाहत होते. आत्यानं दुसरा उचलला. तिसरा मातीतच होता.

राजनंदिनीनं एक बोट उघडलं, मग दुसरं. कातडी ताणली गेली, चुरचुरली, पण फाटली नाही. तिनं सगळा हात उघडला, तिसरा पेड उचलला आणि डावीकडं वळायला लागली.